ज्याच्या हातात टेप

आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. त्यातली एकोणीस वर्षं माझा नवरा दर वर्षी थंडी सरली की दोन महिने खिंडीतल्या एका पडक्या किल्ल्यावर जाऊन राहायचा, आणि त्याच्याबरोबर एक बाई असायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या तोंडून पुढे काही वेडंवाकडं निघालं तर कुणी नाक मुरडायला नको.

हे मोजणीदार होते. जुन्या इमारतींच्या सरकारी खात्यात नोकरी. भिंती मोजायच्या, पायऱ्या मोजायच्या, पडलेल्या बुरुजाचे दगडसुद्धा मोजायचे. ती बाई त्याच खात्यात नकाशे आखायची. हे आकडा सांगणार, ती लिहून घेणार, आणि मग वर्षभर कचेरीत बसून त्याचा नकाशा करणार. सगळे तिला नकाशेबाई म्हणत. हे तेवढे 'आमच्या बाई' म्हणत. जेवताना घासात खडा यावा तसं मला ते 'आमच्या' लागायचं.

बरोबर दोन मजूर, एक स्वयंपाकी आणि एक पहारेकरी असायचा, हे मला ठाऊक होतं. बाईची राहायची सोय पायथ्याच्या शाळेत आणि ह्यांची पहारेकऱ्याच्या खोलीत, हेही ठाऊक होतं. ठाऊक असून काय उपयोग? माझं शिवणकामाचं दुकान घरातच, पुढच्या खोलीत. दोन मशिनं, एक कापायचं टेबल, आणि दिवसभर पाय चालू. पाय चालले की डोकंही चालतं. लेक म्हणायची, "आई, ती तुझ्याच वयाची आहे गं, जाड चष्म्याची." मी म्हणायचे, "चष्मा लावला की माणूस आंधळं होत नाही, उलट दिसायला लागतं."

ह्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. मला वाटलं, चला, सुटले. मग गेल्या महिन्यात खात्याचं पत्र आलं.

किल्ल्याच्या दरवाजाला लागून जुन्या काळच्या पहारेकऱ्यांची खोली आहे, तिला देवडी म्हणतात. खातं तिच्यावर नवं छप्पर घालत होतं. ह्या दोघांच्या नकाशावरून लोखंडी सांगाडा करून वर नेला, आणि तो बसेना. दहा सेंटिमीटर मोठा निघाला. म्हणजे नकाशात चूक. दरवाजापाशी संपूर्ण किल्ल्याचा नकाशा कोरलेला पितळी फलक लागणार होता. त्यावर खाली दोन नावं येणार होती, मोजणीदाराचं आणि आखणाऱ्याचं. आता साहेबांनी लिहिलं होतं की दोघांनी जागेवर यावं, चूक कुणाची ते ठरेल, आणि ज्याची चूक त्याचं नाव फलकावर जाणार नाही.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं. एकोणीस वर्षं उन्हातान्हात दगड मोजल्याबद्दल ह्यांच्या पदरात पडणार होतं ते एवढंच, पितळेवरचं नाव. नातवंडांना नेऊन दाखवायचं असं त्यांनी मनात धरलं होतं. बोलले नव्हते, पण मला कळतं.

"मी येणार," मी म्हटलं.

"तू? तिथे काय आहे? दगड."

"एकोणीस वर्षं तुम्ही दगडच बघायला जात होतात ना? मग मीही बघते."

ह्यांनी वाद घातला नाही. मला तेही खटकलं.

बसने पायथ्याशी उतरलो तेव्हा बाई आधीच येऊन उभी होती. उंच, सडपातळ, केस अगदी आखूड कापलेले आणि सगळे पांढरे, पायात पुरुषी बूट. कोटाची कड उसवलेली, ती तिने भलत्याच रंगाच्या दोऱ्याने टाचलेली. ते बघून मला खरंच बरं वाटलं. एवढे नकाशे आखते आणि सरळ टाका घालता येत नाही.

"वहिनी! आलात शेवटी!"

'वहिनी' म्हणायची मोठी सोय असते. नवऱ्याला भाऊ न म्हणताही बायकोला वहिनी म्हणता येतं. आणि 'शेवटी' म्हणजे काय? ही काय तिच्या घरी मला वर्षानुवर्षं आमंत्रण धाडत होती?

"आले," मी म्हटलं. "म्हटलं, बघावं तरी, असं काय आहे."

"काही नाही हो," ती हसली. "दगड."

दोघांचं उत्तर एकच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वाट चढणीची. दोन्ही बाजूंचे कडे जवळ जवळ येत जातात आणि शेवटी मध्ये एक गाडी आणि तिच्या शेजारून एक माणूस जाईल एवढीच फट उरते. तीच ती खिंड. तिच्या बरोबर वर, डोंगराच्या खांद्यावर, किल्ला. आता अर्धा कोसळलेला. एक बुरूज उभा, एक आडवा, आणि दोन्हींमधला तट उसवलेल्या शिवणीसारखा जागोजागी सुटलेला. पण दरवाजा शाबूत होता. पूर्वी या दरवाजातून गेल्याशिवाय पलीकडच्या राज्यात पाऊल टाकताच येत नसे.

"सातशे वर्षांपूर्वी इथे चाळीस माणसं राहायची," हे सांगू लागले.

"हिवाळ्यात वीस," बाई म्हणाली.

"हिवाळ्यात वीस. व्यापारी आला की आधी त्याला खालच्या दगडावर..."

"...उभं करायचं. वरून नीट दिसावा म्हणून."

"इथून दिसणारा प्रत्येक माणूस शत्रू, असं धरूनच सगळं बांधलंय," हे म्हणाले.

मला ती बांधणारी माणसं फार जवळची वाटली.

एका ठिकाणी पायरी तुटलेली होती. ह्यांनी मागे वळून मला हात दिला. बाईला दिला नाही. ती कुठल्या खोबणीत पाऊल टाकायचं ते न बघताच वर आली. कुणी म्हणेल, यात जळण्यासारखं काय? हात तर तुला दिला. पण हात मला लागला, तिला लागला नाही, याचंच मला दुखलं. ती तिथे घरच्यासारखी चालत होती, आणि मी पाहुणी.

वर पोचल्यावर साहेब यायला वेळ होता. बाईने पिशवीतून रिकामं पोतं काढलं, चौघडी केली आणि दगडावर टाकलं. "बसा," ती ह्यांना म्हणाली, "गार दगडावर बसू नका, कंबर धरेल." मग थर्मासमधून चहा ओतला. त्यात साखर नव्हती. ह्यांनी साखर सोडून सहा वर्षं झाली होती. मला तिने विचारलं, "वहिनी, तुम्हाला साखर किती?" मी म्हटलं, "दोन चमचे." मी चहात साखर घेत नाही. तरी तो गोडमिट्ट चहा मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

खोटं कशाला बोलू? त्या दगडावर बसून मी देवाला विनवत होते की ही चूक हिचीच निघू दे. नाव जायचं तर हिचं जाऊ दे. पितळेवर ह्यांचं नाव एकट्याचं राहू दे, आणि खाली मोकळी जागा.

साहेब आले. लेकीच्या वयाचे, अदबीने बोलणारे. बरोबर जुन्या मोजणीच्या वह्या आणि एक लाकडी पेटी. देवडीच्या बाहेर तो लोखंडी सांगाडा उपडा पडला होता, त्याला वळसा घालून आम्ही आत गेलो. आत दोन्ही बाजूंना दगडी ओटे, बसून बसून मधोमध खोलगट झालेले. समोरच्या भिंतीत बोटभर रुंदीच्या उभ्या खाचा. त्यातून खाली खिंडीतली वाट दिसते, आपण मात्र दिसत नाही. मी एका खाचेला डोळा लावून बघितलं. असं बघायची सवय होतीच.

साहेबांनी नव्या टेपने खोली मोजली आणि वही उघडली. "वहीत बरोबर दहा सेंटिमीटर जास्त आहेत. या एकाच मापात नाही, त्या दिवशी दुपारनंतरच्या पाचही मापांत. म्हणजे भिंत सरकलेली नाही, काहीतरी विसरलंय."

मग त्यांनी पेटीतून जुनी टेप काढली. कातडी डबीतली, लांबलचक, आणि सुरुवातीचा वीतभर तुकडा गायब. "हे काय?"

"कामाच्या तेराव्या वर्षी तुटली," हे म्हणाले. "खात्याकडे नवी मागितली. ती आली नाही. मग मजुराने टोकाऐवजी वीस-तिसाची खूण भिंतीला लावायची..."

"वीस-तीस की किती?"

"तीस," बाई म्हणाली. "पण ही देवडी मोजली त्या वर्षी आपण दहाचीच धरत होतो. तेव्हा नुसतं टोकच गेलं होतं. पुढे आणखी तुटली."

"बरोबर. त्या वर्षी दहाची," हे म्हणाले. "दहाच्या खुणेपासून धरायचं, आणि जो आकडा येईल त्यातून दहा वजा करायचे."

"म्हणजे त्या दुपारी दहा वजा करायचे राहिले," साहेब म्हणाले. "आकडा वाचायचे तुम्ही, लिहायच्या बाई. मग वजाबाकी कुणाची? मला कुणाला धारेवर धरायचं नाही, पण वर लिहून द्यावं लागेल."

हे काही बोलायच्या आत बाई म्हणाली, "वजाबाकी माझी. लिहिणाऱ्याने करायची. त्या दिवशी माझं चित्त थाऱ्यावर नसेल. लिहा, चूक आखणाऱ्याची."

इतक्या सहज म्हणाली, जणू भाजीत मीठ घालायचं राहिलं. साहेबांनी पेन उघडलं.  हे समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

जे मागितलं होतं ते असं ताटात वाढून समोर आलं होतं. मी गप्प बसायचं होतं, बस्स.

पण मला कळलं होतं की ती खोटं बोलतेय. आमच्या लग्नानंतर तीन-चार वर्षांची गोष्ट. माझ्या शिवणाच्या टेपचा पहिला इंच झिजून फाटला होता, म्हणून आम्ही दुसऱ्या इंचापासून माप धरायचो. पुरुष गिऱ्हाईक आलं की मापं हे घ्यायचे आणि मी लिहायचे. एकदा एका हेडमास्तरांच्या कोटाच्या मापात ह्यांनी एक इंच वजा करून सांगितला, आणि मीही लिहिताना वजा केला. हेडमास्तरांच्या बाह्या मनगटाच्या वर राहिल्या, कापड वाया गेलं, आणि ते चारचौघांत जे बोलले ते मी आजही सांगणार नाही. त्या दिवशी ह्यांनी मला बजावलं होतं, "ज्याच्या हातात टेप, वजाबाकी त्याची. लिहिणाऱ्याने ऐकलं तेच लिहायचं, डोकं चालवायचं नाही. आमच्या कामात असंच असतं." तीस वर्षं मी तसंच करत आले. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींनाही तेच शिकवलं.

म्हणजे विसरले ते हेच. ही त्यांच्यावर पांघरूण घालत होती. आणि हे ते घालून घेत होते, मुकाट्याने, मघाशी पोत्यावर बसले तसे.

त्या क्षणी मला काय झालं ते मी सरळ सांगते. न्यायबिय काही सुचला नाही मला. तिची कीव तर मुळीच आली नाही. मी जळले. माझ्या नवऱ्याचं नाव पितळेवर राहणार ते हिच्या मेहेरबानीने? नातवंडांना बोट दाखवून मी सांगणार 'हे आजोबा', आणि मनात म्हणणार 'त्या बाईने ठेवले म्हणून'? ह्यांच्यासाठी खोटं बोलायचंच असेल तर ते मी बोलेन. तो मान माझा आहे.

"साहेब, बाई खोटं बोलतायत," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोवर मी तिथे आहे हे साहेब विसरलेच होते.

"ज्याच्या हातात टेप, वजाबाकी त्याची. लिहिणाऱ्याने ऐकलं तेच लिहायचं. हा ह्यांचाच नियम आहे, मलाही ह्यांनीच शिकवलाय. टेप ह्यांच्या हातात होती."

"वहिनी, तुम्हाला इथलं काम..." बाई म्हणाली.

"इथलं माहीत नाही. ह्यांचं माहीत आहे."

साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं. खिंडीतून वारा आला आणि खाचांमधून शिट्टीसारखा वाजला. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बरोबर आहे," हे म्हणाले. "वजाबाकी माझीच. बाईंनी मी सांगितलं तेच लिहिलं."

"मग फलकावर..." साहेबांनी पेन वर उचललं.

"बाईंचं एकट्यांचं टाका. आखणी त्यांचीच आहे."

साहेबांनी लिहून घेतलं, ह्यांची सही घेतली आणि सांगाडा कुठे कापायचा ते कारागिरांना सांगायला बाहेर गेले. हे त्यांच्यामागून गेले. बाई आणि मी दोघीच देवडीत उरलो. ती जुनी टेप डबीत गुंडाळत होती. टेप मधेच अडकत होती.

"कोण विचारत होतं तुम्हाला?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

"खरं ते सांगितलं."

"एकोणीस वर्षं मी जिथल्या तिथे राहिले, वहिनी. एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्यांनाही कधी कळू दिलं नाही. आज एकच गोष्ट करणार होते त्यांच्यासाठी. तेवढीसुद्धा तुम्ही करू दिली नाहीत."

टेप पेटीत टाकून, पेटी उचलून ती निघून गेली.

मी ओट्यावर बसले. म्हणजे काही घडलं नव्हतं. एकोणीस वर्षं पायाखाली मशीन आणि डोक्यात हेच, आणि घडलं काहीच नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण घडलं असतं तर भांडता आलं असतं. आदळआपट करता आली असती, माहेरी जाता आलं असतं, माफ करता आलं असतं. जे घडलंच नाही त्याचं काय करायचं?

बाहेर आले तेव्हा हे तटाच्या कडेला उभे होते. खाली वाटेवर बाई एकटीच उतरत होती, पेटी काखेत धरून.

"बोललीस ते बरं झालं," हे म्हणाले.

"बरं व्हावं म्हणून नाही बोलले."

"माहीत आहे."

"आणि तिचं? तेही माहीत होतं?"

हे खालच्या वाटेकडे बघत होते.  "हो," म्हणाले.

"तिला वाटतं, तुम्हाला कळलं नाही."

"वाटू दे."

"कधीपासून?"

"पहिलं-दुसरं वर्ष सोडलं तर पहिल्यापासून."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काही नाही केलं. शपथ घेऊन सांगतो." मग म्हणाले, "बदलीही मागितली नाही. दोनदा मिळत होती." आणि पुढे म्हणाले, "मी आकडा सांगायचो, आणि त्या तोच मोठ्याने परत म्हणायच्या. चुकू नये म्हणून, कामाचीच पद्धत ती. पण दिवसभर आपण बोलतोय ते कुणीतरी ऐकतंय, असं वाटायचं. बरं वाटायचं."

मी ऐकत नाही, असं ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती. संध्याकाळी हे काही सांगायला लागले की मी 'हं' म्हणते, आणि माझं मशीन चालूच असतं. ते मला तिथे उभ्या उभ्या आठवलं, आणि त्याचा राग मला माझा यायला हवा होता, तो आला तिचा आणि ह्यांचा.

"मग जा ना!" मी म्हटलं. "ती बघा, एकटी उतरतेय, पेटी घेऊन. जा, बसपर्यंत सोडून या तिला. तेवढंच बरं वाटेल."

बायको अशा सुरात 'जा' म्हणाली की काय म्हणायचं असतं, हे चौतीस वर्षांत कुठल्याही नवऱ्याला कळतं. मी तोंड फिरवून, हाताची घडी घालून, त्या 'नको'ची वाट बघत उभी राहिले. ह्यांनी खांद्यावरची पिशवी काढून माझ्या पायाशी ठेवली, "तू बस जरा, मी आलोच," म्हणाले, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जमेल तेवढ्या घाईने उतरायला लागले.